पानी मागं गेलं की

मी शिरूर कासारकडचा. आमच्या गावाला पानी म्हंजी टँकर, काय सांगू तुमाला ताई, नदी हाय पन तिच्यात आमी क्रिकेट खेळायचो. दिवाळी झाली की आमी नवरा-बायको कोयता घेऊन ऊस तोडाया जायचो, सगळी वस्तीच जायची, मागं म्हाताऱ्या अन् कुत्री. मग असा दुष्काळ पडला की ऊसच न्हाई, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड, मुकादम म्हनला औंदा टोळी न्हाई. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एक ट्रकवाला भेटला, त्यानं हितं कोकनात कामाला लावून दिलं.

हितं मच्छीमारांच्या सोसायटीनं सर्फिंगची, म्हंजी लाटंवर फळी चालवायची शाळा काढलीय. लोक लाटंवर उभं राहायला लांबून येतात. मी सोबतच्या गड्याला म्हनलं, बे, आमाला प्यायला न्हाई अन् ह्यांना नाचाया पानी. माझं काम फळ्या धुवायचं, पन सोसायटीचे सर चांगले, त्यांनी मोबाईलवर रोजचा आकडा वाचाया शिकवला. लाट किती उंच, दोन लाटांमदी किती सेकंद, वारा कुनीकडून. जमिनीवरून वारा सुटला की लाट साफ उभी राहती, समुद्रावरून आला की मोडती. आमच्याकडं पावसासाठी त्याच वाऱ्याची वाट बगत्यात, अन् हितं तोच नको, हे पचाया मला लई दिवस लागले. सर सांगायचे, उंचीला भिऊ नको, सेकंदाला भी. सेकंद जास्त म्हंजी लाट लांबच्या वादळाची ताकद घेऊन आलीया. मधल्या वेळात समुद्र निजल्यावानी दिसतो.

पुढच्या उन्हाळ्यात इंदूला, माझ्या बायकोला, आनलं. तिनं समुद्र बगितला अन् रडलीच. म्हनली, एवढं पानी हितं उगंच पडलंय. आमच्याकडं नदीला पानी आलं की बाया तिची ओटी भरत्यात, खण-नारळ हातानं पान्यात ठेवायचा, फेकायचा न्हाई. पन कैक वर्सं नदीच कोरडी, ओटी कुनाची भरनार? तिनं गावाहून खण आनला व्हता.

ती आली त्याच्या दुसऱ्या सकाळी आकडा बगितला. लाट गुडघ्याएवढी, पन सोळा सेकंद. मी लाल झेंडा लावला, इंदूला म्हनलं आज वाळूवरच बस, उद्या मी संगं येतो. ती म्हनली, मोबाईल काय बी म्हनू द्या, समोर तर तळं हाय. मी पलीकडं लोकांना पान्याभायेर काढत व्हतो. ती काठावर गेली, बरं का, काठावरच, खण ठेवाया वाकली, तर पानी मागं गेलं. ती फुडं गेली. पानी आनखी मागं. ती त्याच्या मागं. कावून जानार न्हाई? जन्मभर तेच केलं आमी. तलावाचं पानी मागं हटलं की घागर घेऊन त्याच्या मागं जायचं, इहिरीत उतरत जायचं, तळाला झिरा खांदायचा. मागं गेलेलं पानी परत येतंय, हे आमी कदी बगितलंच न्हवतं. मी वरडलो, इंदे, माघारी फीर. तिनं हात हालवला, आलेच म्हनून.

दुसऱ्या दिवशी घावली. गावाला नेलं न्हाई, तिकडं राख सोडाया सुदिक पानी न्हवतं.

लोक म्हनत्यात, आता हितं कावून राहतो? कुटं जाऊ? समुद्राचा राग हाय मला, सरळ सांगतो, पन उजाडताच आकडा बगतो अन् शाळंच्या दारात खडूनं लिवतो. लेकरं फळ्या घेऊन निघाली की म्हनतो, जावा बाबांनो, खेळा, सुखी ऱ्हावा. पन पानी मागं गेलं, तर तुमी बी माघारी या.