दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमच्या दैनिकाचे संपादक साहेब. व्यासपीठावरच्या माननीय नगराध्यक्षा. पहिल्या रांगेतले पोलीस निरीक्षक साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मीटरकाका, त्यांच्या शेजारी काकू, त्यांची लेक. आणि समोरच्या दोनशे सतरा वाचकांनो (मी मोजलेत), सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत, मी सात घेणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'ज्येष्ठ उपसंपादक' अशी करून दिली. भारदस्त वाटतं, पण अर्धवट आहे. मी सातवीत शाळा सोडून छापखान्यात यंत्राची शाई पुसायला लागलो. व्याकरण रद्दीतून शिकलो. गेली एकोणीस वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान एकट्यानं सांभाळतो. त्या पानावर एकाही पत्रलेखकाचा घर क्रमांक आजवर चुकलेला नाही. पूर्ण नाव आणि पूर्ण पत्ता असल्याशिवाय पत्र छापायचं नाही, हा नियम माझा. 'निनावी पत्र म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड' असं वाक्य मीच लिहून माझ्या टेबलामागे लावलं आहे.

आता उत्सवमूर्तींकडे वळतो. मीटरकाकांनी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गावाचं मीटर वाचायला लागले. दर सोमवारी सकाळी दहाला पाकीट घेऊन हे आमच्या दारात हजर. पत्रापेक्षा तोंडी शेरे जास्त. आपल्या स्थानिक वृत्तवाहिनीबद्दल म्हणायचे, "ती बाई बातमी देते की भांडी आपटते हो? ज्या आईचं पोर गेलं तिच्या तोंडात माइक कोंबतात आणि विचारतात, कसं वाटतंय! त्यांच्या मुस्कटात द्यावीशी वाटते." आमच्या दैनिकाबद्दल, "तुम्हाला दात कुठेत? हिरड्यांनी चावता." अध्यक्ष महाराज, हे त्यांनी तुम्हालाही ऐकवलं होतं, तेव्हा तुम्ही हसला होतात. एका नाटकाबद्दल लिहिलं होतं, "नायकानं खलनायकाचा गळा इतक्या हळू दाबला की मला उठून हात लावावासा वाटला." तो नायक महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता.

हसा, हसा. पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

हे नाट्यगृह नवं झालं तेव्हा वाहिनीनं फुलांच्या कमानी दाखवल्या. काकांनी टेप घेऊन दारं मोजली. पूर्वी पाच होती, तीन उरली. दोन दारं विटांनी बंद करून पलीकडे दुकानं काढली होती. काकांनी लिहिलं, "आग लागली तर सहाशे माणसं तीन दारांवर एकमेकांना तुडवतील. आधी म्हातारी जातील, मग पोरं." नगराध्यक्षा मॅडम, आज आत येताना मी पुन्हा मोजली. तीनच आहेत.

पत्र रविवारी छापून आलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चौघं त्यांच्या इमारतीत शिरले. खाली कुणाला काही विचारलं नाही. समोरच्या शिक्षिकेनं दाराच्या फटीतून पाहिलं, एकाच्या हातात पेपरचं कात्रण होतं आणि तो त्यात बघून दार शोधत होता. पहिला फटका जबड्यावर बसला. दुसरा आणि तिसरा बरगड्यांवर. मग दोघांनी काकांचा उजवा हात चौकटीवर धरला आणि तिसऱ्यानं दार लोटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हाडाचा आवाज शिक्षिकेच्या घरात ऐकू आला. काकू मध्ये पडल्या तर त्यांना केसांना धरून ओट्याच्या कडेवर आपटलं. दोन दात गेले. जाताना एकजण म्हणाला, "आता लिहा पत्र." चार मिनिटांचा कारभार.

आणि आमचे काका कसे, तर इस्पितळात जबाब घेताना हवालदारानं 'लोखंडी नळी' लिहिलं, तर तारा बांधलेल्या जबड्यातून हे म्हणतात, "नळी नाही. पाऊण इंची पाइप. अर्धा इंची असता तर जबडा वाचला असता. नीट लिहा."

निरीक्षक साहेब, त्या आठवड्यात तुम्ही आमच्या कार्यालयात आलात आणि विचारलंत, "यांना नेमकं दार कुणी सांगितलं?" मी नियमावर बोट ठेवलं. तुम्ही चहा घेऊन गेलात. साहेब, तुमचा प्रश्न बरोबर होता. उत्तर आज देतो.

दारांचं ते पत्र द्यायला काका स्वतः आले नव्हते. त्यांनी दारं मोजली तेव्हापासून घरावर कुणीतरी नजर ठेवून होतं म्हणून पाकीट काकूंनी आमच्या दाराच्या पेटीत टाकलं. पत्राला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. काकूंचं अक्षर. "या वेळी कृपा करून पत्ता छापू नका. दोन माणसं रोज खाली उभी असतात."

मी ती वाचली. दोनदा वाचली. आमच्या पानं लावणाऱ्यानंही वाचली. तो म्हणाला, "अहो, राहू द्या ना पत्ता एक वेळ. माणसं घाबरलीत."

"घाबरायचं होतं तर लिहायचं कशाला?"

"तुमचा नियम माणसापेक्षा मोठा का?"

माझ्या हातात स्टीलची पट्टी होती. ती मी त्याच्या तोंडावर फेकली. भुवईवर दोन टाके पडले. तो सगळ्यांना सांगतो, कपाटाचं दार लागलं. तो तिथं सातव्या रांगेत बसलाय. बाबा रे, कपाटानं तुझं काही केलेलं नव्हतं.

एवढ्यावर मी थांबलो नाही. त्याच इमारतीत काकांच्या आडनावाचे आणखी एक गृहस्थ राहतात. आधीच्या आठवड्यात कुणाची तरी शिव्यांची चिठ्ठी काकांऐवजी त्यांच्या दारात पडली. ते तणतणत माझ्याकडे आले, "तुमच्या अर्धवट पत्त्यामुळे मला फुकट शिव्या!" अर्धवट! हा शब्द मला झोंबला. नेहमी आम्ही फक्त घर क्रमांक आणि इमारत छापायचो. त्या रविवारी मी माझ्या हातानं पुढं वाढवलं: 'दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार.' छापून आल्यावर पान बघून मी खूश झालो होतो. ते कात्रण माझं होतं, साहेब. पाइप त्यांचा, पत्ता माझा.

चौथ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. सांगायलाच गेलो होतो. काका झोपले होते. काकू सुजलेल्या तोंडानं बाहेर आल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, माझी चिठ्ठी मिळाली नाही ना तुम्हाला? टाचणी सैल लागली असणार. पेटीत गळून पडली असेल. माझ्या हातून कधी धड काही होतं का?"

मी म्हणालो, "हो काकू. गळून पडली असेल."

त्याला आज आठ महिने झाले. मला कळलंय की या घरात त्यावरून लेक आईला बोलली आहे. "आई, एक टाचणी नीट लावता आली नाही तुला?" असं बोलली आहे. आणि काकूंनी खाली मान घालून ऐकून घेतलंय. आठ महिने! नवऱ्याच्या हातावर दार आपटत असताना जी बाई मध्ये पडली, ती बाई टाचणीपायी गुन्हेगार होऊन बसली आहे, आणि आता तेच ओझं घेऊन लेकीच्या गावी निघाली आहे.

काकू, वर बघा. टाचणी घट्ट लागली होती. मला ती नखानं ओढून काढावी लागली.

ताई, ही ती चिठ्ठी. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आहेत, उजेडात धरून बघा. आईला जे बोललात ते मला बोला. हात उचलायचा असेल तरी माझी हरकत नाही, मी खाली येतोच आहे.

अध्यक्ष महाराज, बसा. माझा राजीनामा तुमच्या टेबलावर, डाव्या खणात ठेवला आहे. निरीक्षक साहेब, जबाब द्यायला उद्या अकरा वाजता येतो.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही शब्द कमी-अधिक झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढ्यापुरतं मोठ्या मनानं सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घेण्याजोगं नाही, आणि ते चुकून झालं असंही मी म्हणणार नाही. मी चष्मा लावला होता आणि चिठ्ठी दोनदा वाचली होती. त्याची माफी द्यायची की नाही हे काकूंनी ठरवावं. आज ठरवू नये. टाळ्या वाजल्या म्हणून तर मुळीच ठरवू नये.