केळीच्या खांबापाशी दादा

कॅमेऱ्यातला आकडा मोठा केला की उजेडाचं भोक लहान होतं — असं का, सांगता येईल पुनीतभाऊ? नाही ना. एवढं मोठं फ्लेक्सचं दुकान तुमचं, जळगावात नाव, तरी नाही. मी दादाला विचारलं होतं. म्हणाला, 'घरी गेल्यावर सांगतो.' — नको, पाणी राहू द्या, आधी हा फोटो बघा. कालचा तुमचा पुसून टाका. तुमच्या कॉम्प्युटरने दादाचा चेहरा साफ करून पाठवला, मी आईला दाखवला, आई म्हणाली, 'हाऊ कोना पोऱ्या शे?' राग मानू नका. कोणाचा का असेना, पोरगा छानच आहे. दोन्ही डोळे सारखे, गाल भरलेले, लग्नाला उभा केला तर लगेच जमेल. पण उद्या तेराव्याची गंधमुक्ती आमच्या जितूदादाची आहे, त्याची नाही.

दुसरा फोटो कुठून आणू? निम्म्या चोपडा गावाच्या लग्नांचे फोटो दादाने काढले, तो कॅमेऱ्यापुढे कधी येणार? मोबाइल त्याच्यासोबतच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला — ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता — असो. आधारवरचा? तो पाहून मामा म्हणाला, 'हा गिरधर केव्हा वारला?' गिरधरकाका शेजारीच बसलेले. हसा, आम्हीपण हसलो. आईसुद्धा.

म्हणून हा. शिरपूरचं लग्न, तो गेला त्याच दिवशीचं. नवरी यायच्या आधी दादा नेहमी मलाच तिच्या जागी उभा करायचा, उजेड बघायला. कॅमेऱ्याच्या कार्डात माझेच फोटो, नवरी होऊन होऊन थकलो मी. त्या दिवशी म्हणाला, 'शाळा सोडलीस ती सोडलीस, हे तरी शीक, नाहीतर जन्मभर लाइटच धरशील.' कॅमेरा स्टँडवर, टायमर लावला, फोकस माझ्यावर, आणि स्वतः पळत जाऊन मागे उभा राहिला — मांडवाच्या दाराशी केळीचे खांब असतात ना, तिथे. मग दाखवलं. मी स्पष्ट, मिशीचा केस न् केस, आणि तो पुसट. म्हणाला, 'भोक मोठं ठेवलं की थोडंच अंतर नीट येतं, त्याच्या पुढचं-मागचं विरघळतं. आता आकडा वाढवतो, भोक लहान करतो, मग तूही स्पष्ट, मीही स्पष्ट. फक्त उजेड जास्त लागतो.' तेवढ्यात बँड वाजला. नवरी आली. दुसरा फोटो राहिला. लग्न आटपल्यावर तो गाडीवर पुढे निघाला, मी सामानासोबत टेम्पोत. मध्येच टेम्पोवाल्याने ब्रेक मारला — मी ओरडलो, स्टँड पडेल, नीट चालव — मला वाटलं कुत्रं आडवं आलं.

काय? मोठा केला तर नुसता डाग दिसेल? दिसू द्या. उजवा खांदा बघा, खाली झुकलाय, बॅगेने झालाय तो. आईने लांबूनच ओळखला. चेहऱ्यावर बोट ठेवायला गेली तर स्क्रीनवरचा फोटो सरकला, पुढची नवरी आली. आई म्हणाली, 'मागं घे.' मी घेतला. परत सरकला. परत घेतला.

हो, मी पुढे आहे, कळतंय मला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. म्हणून तर कापायचंय मला. — थांबलात का? कुठे? हां. त्याचा डावा हात माझ्या खांद्याआड गेलाय. मला कापलं की हातपण जाईल. — जाऊ द्या. हात वाचवून कसं कापायचं, हे विचारायला घरात आता दुसरा कोणी नाही ना. — नाही, रडत नाहीये, तुमच्या रंगाचा वास फार आहे. सरका जरा, माउस इकडे द्या. अल्बमची कापाकापी मीच करायचो. इथून धरायचं? — झालं. छापा.