सासूबाईंचं दार, माझी खिडकी

...नाही, पण सासू आणि जावई एका तंबूत झोपणार कसे, तुम्हीच सांगा! आम्हा लुओ लोकांत सासू-जावयानं समोरासमोर यायचं नाही, आणि सासू जावयाच्या छपराखाली रात्र तर काढत नाही म्हणजे नाही! न्यांडो नदीनं घरं नेली, वॉर्ड ऑफिसनं टेकाडावर तंबू ठोकले, सगळं झकास, पण वरून हुकूम काय? 'एक कुटुंब, एक तंबू!' म्हणजे मी ओदिंदो, बायको आदोयो आणि आमच्या सासूबाई!

सासूबाई पावसात बसल्या. खोकताहेत, कुडकुडताहेत, पण, "मरेन, आत येणार नाही!" मग मीही बाहेर आलो, तर मान फिरवून बायकोला म्हणतात, "अगो, जावई भिजला तर लोक मला काय म्हणतील?" दोघंही बाहेर, आणि तंबूत आदोयो एकटी घोरतेय!

हसू नका! म्हातारीचा श्वास घरघरत होता हो, माझा जीव टांगणीला. पण आमचा वॉर्ड म्हणजे आमचा वॉर्ड, तुम्हाला सांगतो! वॉर्डाच्या अधिकारी अपोंडी मॅडम गुडघाभर चिखल तुडवत आल्या. "आई, माझ्या ऑफिसात झोपा. ऑफिसला कुठे जावई आहे?" आणि स्वतःचं टेबल उचलून आंब्याखाली! छत्री धरून सह्या करतेय बाई! डॉक्टर बोलावला, विहिरी उपसल्या, गाळ काढला... कोण करतं हो एवढं? सासूबाई बऱ्या झाल्या आणि ऑफिसच्या खिडकीतून ओरडायला लागल्या, "रांगेत या रे! मॅडमना जेवू द्या!" मॅडमपेक्षा त्यांनाच लोक घाबरायचे. आमचा वॉर्ड म्हणजे आमचा वॉर्ड!

मग उंचावर नवी घरं. पत्रे वॉर्डाचे, भिंती आम्ही सगळ्यांनी मिळून लिंपलेल्या. मॅडम अशा खुशीत! "ओदिंदो, आईंना वेगळं घर! अन् लेकीपासून लांब नको, म्हणून अगदी समोरच दिलंय!"

समोर. दाराला दार! वाट जेमतेम हातभर! टाळ्या पडताहेत, सासूबाई खांद्यावरच्या कापडानं डोळे पुसताहेत, मॅडमही रडताहेत. मीही रडलो, खरंच अभिमानानं रडलो.

तेव्हापासून सासूबाई सकाळ-संध्याकाळ दारात ऐसपैस बसलेल्या असतात, ठणठणीत. आणि मी, घरचा कर्ता पुरुष, मागच्या खिडकीतून उडी मारून कामाला जातो. काय करणार... आमचा वॉर्ड म्हणजे आमचा वॉर्ड! खिडकी तेवढी मोठी दिलीय हो त्यांनी.