गुहेतलं लेकरू

निशिगंधा : "वरचा कापूस पाहून गाडीची प्रत लिहू नको, हात बुडापर्यंत घाल." बाबा कापूस खरेदी केंद्रावर नव्या ग्रेडरला हेच सांगायचे ना, आई?

कोकिळा : हेच. आज काहून आठवलं?

निशिगंधा : माझा हात वरच राहिला. अंदमानात समुद्राखालच्या गुहेतून आणलेला तो जीव...

कोकिळा : तिळाएवढा, बिनडोळ्याचा, झिंग्याच्या जातीतला. पूर्ण राळेगावले सांगितलं मी.

निशिगंधा : नवी जात म्हणून त्याच्या नावात मी बाबांचं 'भगवान' घातलं. चार सापडले होते. चौघांनाही पायांची एक जोडी कमी, म्हणून वेगळे ठरवले. परवा त्याच गुहेतून पुन्हा आणले. त्यातल्या एकानं काचपेटीत कात टाकली आणि नवी जोडी बाहेर आली.

कोकिळा : मंजे तू लेकरं पाह्यले.

निशिगंधा : हो. मोठे झाले की जुन्याच जातीचे निघतात. चाळीस वर्षांपूर्वी एका संशोधकानं त्यांना बायकोचं नाव दिलंय. पहिलं दिलेलं नाव राहतं. बाबांचं जाईल.

कोकिळा : दुधाचे दात पाहून घराणं ठरवलं तू.

निशिगंधा : हसू नको ना.

कोकिळा : अजून कोणाले माहीत आहे?

निशिगंधा : फक्त माझ्या गाईड सरांना. ते म्हणाले, तुझ्या नोकरीची मुलाखत होऊ दे, मग कळवू. आणि तू त्या नावाचा छापील कागद देवापुढे ठेवला आहेस.

कोकिळा : उखाण्याबाहेर त्यायचं नाव मी कधी तोंडी घेतलं नाही. त्या कागदावरचं रोज पूजेत वाचतो.

निशिगंधा : म्हणूनच सांगायला जीभ रेटत नव्हती.

(कोकिळा चहाचं आधण ठेवते.)

कोकिळा : रुखमाबाईच्या कापसाच्या गाडीले एकदा त्यायनं हलकी प्रत लिहिली. दुसऱ्या दिवशी चूक समजली तं सायकलवर तिच्या गावी गेले, चार लोकांत म्हणाले, "बाई, माहं चुकलं." घरी येऊन मले सांगितलं, अन् जेवाले बसले. लग्नाले सहा वर्षं झालती. त्या दिवशी मले हा माणूस आवडला.

निशिगंधा : आणि कागद?

कोकिळा : काढून घेतो. खोट्या नावानं हाक कशी मारू त्यायले? त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या बायकोचं राहू दे. तिलेही कोणी मायेनंच दिलं असन.

निशिगंधा : मुलाखतीआधीच छापणाऱ्यांना चूक कळवते. शब्द देते तुला.

कोकिळा : चहा तं पिऊन जाय. कुठं चालली?

निशिगंधा : मधल्या खोलीत. सरांचा फोन आला तर सांग, ती लिहायला बसली आहे.