धुतलेली पानं

(दीपनगर, वीज केंद्राची वसाहत. इंदिराबाईंच्या क्वार्टरचा मागचा ओटा. सकाळ. केळीच्या मळ्यातून आलेला मोठा भाऊ चुडामण हात झटकतो आहे.)

इंदिराबाई : पानं कुठे गेली, भाऊ?

चुडामण : जाळली.

इंदिराबाई : जाळली?

चुडामण : या अझेलियाच्या फुलझाडावर ठिपकेच ठिपके व्हते, तपकिरी. केळीवर करपा आला का आम्ही डागी पानं कापतो, बागेबाहेर नेतो अन् काडी लावतो. तू आंघोळीले गेली, तेवढ्यात उरकलं.

इंदिराबाई : रविवारी आपला हितेंद्र येतोय. बायकोला घेऊन, दोन वर्षांनी.

चुडामण : मंग चांगलंच झालं ना.

इंदिराबाई : काय चांगलं? हे झाड ऋतिकाचं. लग्न करून सिक्कीमहून थेट आली, ही कुंडी मांडीवर घेऊन. आणि मी दारातच म्हटलं, न विचारता केलेली सून या घरात चालायची नाही. कुंडी ओट्यावर ठेवून गेली ती.

चुडामण : माहीत आहे. वरणगावपर्यंत बोभाटा झाला व्हता.

इंदिराबाई : झाड मात्र मी जगवलं. पंचेचाळीस डिग्रीत ओल्या पोत्यांचे पडदे लावले. परवा हितेंद्रच्या फोनवर मागून तीच विचारत होती, मराठीत, झाड आहे का म्हणून. मी ताठ मानेनं हो म्हटलं. तेवढंच होतं रे तिला दाखवायला. माफीबिफी मला मागता येत नाही.

चुडामण : थांब. सकाळी मी आलो तरी पानं वल्लीच व्हती. कशानं?

इंदिराबाई : मीच धुते, रोज संध्याकाळी. वीज केंद्राची राख बसते ना, इथं सगळ्याच बायका झाडं धुतात. मी तर एकेक पान चोळून धुते. डाग दिसायला लागल्यापासून दोनदा.

चुडामण : अवं माय.

इंदिराबाई : काय झालं?

चुडामण : इंदे, रातभर पान वल्लं राह्यलं का या रोगाचं फावतं. पाण्यासंगं या पानावरून त्या पानावर जातो. म्हणून तं केळीले आम्ही बुडात नळी देतो. रोग तूच पसरवू राह्यली व्हती.

इंदिराबाई : मी?

चुडामण : तूच.

इंदिराबाई : एक दिवस चुकवला नाही रे मी.

चुडामण : बस खाली. पाणी पी. झाड जित्तं आहे, हे कोंब पाहा. आता पाणी फक्त बुडात, तेबी सकाळी.

इंदिराबाई : अन् रविवारी या काड्या दाखवू तिले? म्हणेल, माझं केलं तेच झाडाचं केलं.

चुडामण : रविवारची वाट कशाले पाहतं? झाड तिच्या गावचं, उपाय तिले माहीत असीन. फोन लाव.

इंदिराबाई : कोणत्या तोंडानं?

चुडामण : ठिपक्याइचं विचार. बाकीचं राहू दे.

इंदिराबाई : तूच लावून दे... वाजतोय. हॅलो, ऋतिका? मी हितेंद्रची... तुझी सासू बोलतेय. माझं चुकलं गं, तुझ्या झाडाचं.