काचेवरचं इंजिनिअरिंग

...नाही नाही, तुम्हीच सांगा! कॉलेजातला कोणता विषय नोकरीत सगळ्यात उपयोगी पडतो, असं मुलीनं सकाळी चहाच्या वेळी विचारावं आणि बापाला उत्तर येऊ नये? म्हणजे येतं हो! सांगवत नाही!

तुम्हाला सांगतो, इंजिनिअरिंगला असताना सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही दोघं. मी आणि पुष्कर. ड्रॉइंगची शीट असायची, हा असा मोठा कागद! मी मान मोडेस्तोवर एकेक रेघ स्वतः काढायचो. आणि पुष्कर? काच घ्यायची, खाली दिवा, काचेवर माझी शीट, तिच्यावर ह्याची कोरी, आणि दिसेल ती रेघ गिरवायची! ह्याला म्हणायचं जीटी, ग्लास ट्रेसिंग. शीट झाली की साहेब सिनेमाला! वर मलाच, "अन्या, जरा ठळक काढत जा रे, खालून दिसत नाही!" आणि मी? मी पेन्सिलीला टोक करत होतो!

चालायचं. ड्रॉइंगमध्ये पहिला नंबर माझा आला, प्रशस्तिपत्रक मिळालं, आईनं फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. म्हटलं, नोकरीत कळेल बेट्याला...

कळलं! मला! भोसरीच्या एकाच कंपनीत चिकटलो दोघं. यंदा डिझाइन हेडची जागा रिकामी झाली. म्हटलं, आता तरी! पंपाचं नवं डिझाइन केलं, रविवार बघितला नाही, सण बघितला नाही. पुष्कर म्हणाला, "अन्या, फाइल पाठव ना, नुसती बघतो." पाठवली! अहो, पाठवली मी! मीटिंगला पडद्यावर माझाच पंप, आणि कोपऱ्यात नाव पुष्करचं! आता काच नको, दिवा नको... मी उठून म्हटलं, "हे माझं आहे." तर मोठे साहेब कसे शांत, "अहो, माझं-तुझं काय करताय? टीमचंच ना?" टीमचं! मग जागा पण टीमला द्या की! ती दिली पुष्करला. टाळ्या वाजल्या. जळलं हो माझं, अजून जळतंय. आणि मी? मी पेन्सिलीला टोक करत होतो! खरंच करत होतो, हात कुठं ठेवायचे तेच कळेना!

आणि आज आमची स्पृहा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, विचारते, "बाबा, फ्रँकली सांग, काय उपयोगी पडतं?" मेहनत, प्रामाणिकपणा वगैरे घशापर्यंत आलं होतं... तर म्हणते, "बरं, ते राहू दे. उद्या शीट सबमिट करायचीये. घरात काच आहे का मोठी?"

काय करणार? भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक उतरवलं. मागचे खिळे काढले. काच पुसून दिली तिच्या हातात. म्हटलं, "जरा लहान आहे, सरकवत सरकवत गिरव. खालची शीट कुणाची?"

"चैतालीची. ती बिचारी सगळं स्वतःच काढते."

म्हटलं, "तिला सांग, जरा ठळक काढत जा म्हणावं..."