लांब दोरी

हॅलो?… हॅलो… कोन, मंजुळा? अगं, मी! तुझी माय, गोजरबाई!… व्हय, जिनिंगच्या कचेरीतूनच. दिवाणजी म्हणले, हैदराबादहून लेकीचा फोन हाय. तशीच पळत आले, केसात सगळा कापूस…

रडून राहिलीस काहून? आदी बोल तर.

संतरामनं सांगितलं? तुझ्या भावाच्या तोंडाला झाकणच न्हाई… हां, रडला तुझा ग्यानबा. तू गेल्यावर लई रडला. तुझ्या कुशीतच निजायची सवय. झोळीत टाकला की अंग ताठ, आन् आभाळ डोक्यावर…

न्हाई, न्हाई! उद्याच्या गाडीनं बिलकुल यायचं न्हाई… अगं ऐक ना… दवाखान्यातलं शिक्षण अर्ध्यात सोडशील, आन् मंग? नवरा गेल्यावर दिरांनी उंबऱ्याबाहेर काढलं, इसरलीस? शिकून ये. आपल्या कमाईवर लेकरू वाढव.

आता कसा निजतो? तेच सांगून राहिले… तुझ्या हिरव्या लुगड्याची झोळी केली… न्हाई धुतलं, तुझा वास ऱ्हाऊ दिला. पह्यले झोळीला खेटून बसले, दोरी ओढली. मंग दोरीला दोरी जोडली, उंबऱ्यावर सरकले. मंग चुलीपाशी… व्हय, रडला की जाते ना! पाठीवरून हात फिरवते, पुन्हा मागं सरते. दगडाची हाय का मी?

ओवी? म्हणते की. काल भाकरी थापता थापता म्हणत होते…

दूर देशी मैना, वाऱ्या सांग रं निरोप
तिच्या लेकराला आली, आपुआप झोप…

आन् ध्यानात आलं, दोरी तर हातात न्हाईच! कवाची भुईवर पडली होती. झोळी थांबलेली. जाऊन पाह्यलं, तर गडी मुठी मिटून निजलेला. आपला आपला.

हसलीस ना? हास…

आत्ता? हितंच हाय, लिंबाला झोळी बांधली. माझ्या जोडीची भागाबाई लक्ष ठेवून हाय. खिडकीतून दिसते ना मला… निजला.

त्याच्या कानाला लावू? न्हाई गं बाई. तुझा आवाज वळखील, मंग दिवसभर तुला धुंडत बसंल… मंजुळे? राग आला?… मला कळत न्हाई का? मी बी मायच हाय.

बरं, आता ठेव… न्हाई, तू ठेव आदी… तूच ठेव म्हणते ना!… अगं, त्याला शिकवलं, पर मला कोन शिकवील? घरातली तुझी वाकळ अजून उचलली न्हाई मी…

काय? माझ्यासाठी म्हणतीस? ओवी?… म्हण. म्हण, माझे बाई. ऐकून राहिले…

हां… हां… गोड…

मंजुळे?… हॅलो?… हॅलो?

दिवाणजी, आवाज गेला वो… लाइन तुटली?

न्हाई, इतक्यात फोन घेऊ नका. तिकडं ती म्हणतच असंल. एवढी ओवी संपू द्या तिची. मंग ठेवते.